मावळतीला या

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून भोर-वेल्ह्याला कोणी गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. जायला कारणही नाही. आमच्याकडचे लोक पुण्याला येतात ते पोरांच्या नोकरीपायी, नाहीतर माझ्यासारखे कामाला. म्हणून हे लिहून काढते. सातवीनंतर चिठ्ठीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा कुठे अडखळलं तर समजून घ्या. आणि आधीच सांगून टाकते, आम्ही दोघी सुखरूप परत आलो. शेवट माहीत नसला तर माझ्याच्याने वाचवत नाही, घास घशात अडकतो. तुमचा अडकू नये.

दोघी म्हणजे मी आणि बाई. बाई एकाहत्तर वर्षांच्या. कॉलेजात भाषा शिकवायच्या. आता घरी बसून शब्दांच्या मुळाशी जातात. सध्या त्यांनी दिशांचे शब्द धरलेत. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर हे शब्द आले कुठून, आणि आपल्यापासून थेट युरोपापर्यंतच्या भाषांनी दिशांना नावं दिली कशी, यावर त्यांचं पुस्तक चाललंय. पुस्तकातलं पुस्तकात मिळालं, पण डोंगरातली म्हातारी माणसं काय म्हणतात ते त्यांना कानांनी ऐकायचं होतं. म्हणून हा चार दिवसांचा प्रवास.

बाईंना साखर आहे. सकाळी सुई टोचली की दुपारी एकच्या आत जेवण पोटात जायलाच लागतं. उशीर झाला की हात कापतात, शब्द अडखळतात, आणि पुढचं मी एकदाच पाहिलंय, ते परत पाहायचं नाही. तेव्हा त्यांची मुलगी बंगळूरहून आली होती. मला समोर बसवून शांतपणे म्हणाली, "सुनंदाताई, तुमची चूक नाही. पण परत असं झालं तर मी आईला तिकडे घेऊन जाईन." म्हणजे बाईंचं पुणं सुटणार, पुस्तक सुटणार, आणि माझं घर सुटणार. नवरा गेल्यावर ज्या घराने मला ठेवून घेतलं ते घर. निघताना डब्याची पिशवी मी तीनदा तपासली ती उगाच नाही.

किकवी, म्हणजे चुकून

भोरला जायचं तर हमरस्त्यावर कापूरहोळला उतरायचं. कंडक्टरने सांगितलंही होतं. पण मी बाईंच्या गोळ्या मोजत बसले आणि कापूरहोळ मागे गेलं. किकवीला उतरलो तेव्हा मला रडायलाच आलं.

"रडतेस कशाला? चुकल्याशिवाय दिशा कळत नाही," बाई म्हणाल्या आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसल्या. चहावाल्याला पहिला प्रश्न, "भोर कुठल्या अंगाला?"

"आता मागं जावा, आन मग आत घुसा," तो म्हणाला.

"आत म्हणजे?"

"आत म्हंजी डोंगरात. हितनं सगळं आतच हाय."

बाईंनी ते वहीत लिहिलं. चहावाला घाबरला. "काय चुकलं का माजं, आजी?"

परतीच्या टेम्पोची वाट पाहताना मी बाईंना माझी शाळेतली गोष्ट सांगितली. कुणालाच सांगितली नव्हती. सातवीत भूगोलाच्या तासाला गुरुजींनी भिंतीवर नकाशा लावला, छडी माझ्याकडे केली आणि विचारलं, "उत्तर कुठे आहे?" मी म्हटलं, "गुरुजी, वहीत आहे," आणि वही उघडून शोधायला लागले. मला वाटलं, प्रश्नाचं उत्तर. सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. पुढच्याच महिन्यात आईच्या आजारपणात शाळा सुटली. कारण ते होतं, पण शाळेचं शेवटचं आठवतं ते हसणंच.

बाई हसल्या नाहीत. "हं," एवढंच म्हणाल्या आणि वहीत काहीतरी खरडलं. मला वाटलं, उगाच बोलले.

उत्रोली

भोरच्या अलीकडे-पलीकडे सगळा भात. आमच्याकडे या दिवसांत कपाशी फुटते, सगळं पांढरं दिसते. इथे भात कापून झालेला, खाचरं पिवळी, आणि वाऱ्यावर पेंढ्याचा गोडसर वास. उत्रोलीला बाईंची जुनी विद्यार्थिनी वैशाली राहते, भोरला शाळेत शिकवते. तिच्याकडे मुक्काम.

वैशालीच्या सासूबाईंनी नव्या तांदळाचा भात वाढला, घेवड्याची आमटी, वर लसणाची चटणी. भात असा की नुसता खावा. मी म्हटलं, "आमच्याकडे ज्वारीची भाकर, भात सणाला." त्या म्हणाल्या, "मंग आज सनच समजा."

झोपायला गादी घातली आणि माझी पंचाईत झाली. पाय दक्षिणेकडे येत होते. आमच्या घरी दक्षिणेकडे पाय करून कोणी झोपत नाही, ती यमाची बाजू. मी गादी फिरवली, तर दार उघडेना. परत फिरवली, तर पाय उगवत्या सूर्याकडे, तेही चालत नाही. वैशालीच्या सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, त्यापुढे पांढरी फुलं.

"काय शोधताय, ताई?"

"दिशा."

"आमच्यात दिशा न्हाई बगत," त्या म्हणाल्या. "आमी पंखा कुठं हाय त्ये बगतो."

मी पंख्याखाली झोपले. चांगली झोप लागली, हेही लिहायला पाहिजे.

सकाळी साडेसहाला बाईंनी मला अंगणात उभं केलं. डोंगरामागून ऊन वर येत होतं.

"सूर्याकडे तोंड कर. समोर काय?"

"खळं. मग भात. मग डोंगर."

"समोर, पुढ्यात. तेच पूर्व. पूर्व म्हणजे पुढचं, पहिलं. पाठीमागे?"

"घर."

"पाठीमागचं ते पश्चिम. पश्चात म्हणतो ना, तेच. आता उजवा हात लांब कर. तो दक्षिण. दक्षिण म्हणजे मुळात उजवा. देवळाला प्रदक्षिणा घालतेस तेव्हा देव कुठल्या हाताला ठेवतेस?"

"उजव्या."

"झालं. लॅटिनमध्ये उजव्याला डेक्स्टर म्हणतात, ते या दक्षिणाचंच भावंड. आयर्लंडच्या जुन्या भाषेत तर उजवं आणि दक्षिण यांना एकच शब्द. कुठे ते बेट, कुठे आपण. पण दोन्हीकडची माणसं सकाळी उठून सूर्याकडेच तोंड करून उभी राहिली."

म्हणजे ज्या बाजूला मी रात्री पाय करायला घाबरत होते, ती देवाला ठेवायची बाजू. मला जरा हसू आलं. "आणि डावा हात?"

"काही भाषांनी उत्तरेला सरळ डावीच म्हटलं. इंग्रजीतलं नॉर्थ मूळचं डावंच असावं, असं मानणारे आहेत. नक्की कोणी सांगू शकत नाही. आपण मात्र उत्तर म्हटलं. उत्तर म्हणजे वरचं. तिकडे हिमालय, म्हणून असेल."

"बाई, मी फिरले तर दिशाही फिरतील का?"

"नाही ना. तीच तर मजा. माणूस फिरला, शब्द फिरला नाही. पहिल्यांदा जो कोणी सूर्याकडे तोंड करून उभा राहिला, तो अजून तिथेच उभा आहे."

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी दिवसभर घोकलं. आणि घोकता घोकता दुसऱ्या दिवशी पिशवी विसरले.

वेल्हे

वेल्ह्यात एका खानावळीच्या वरची खोली मिळाली. खिडकी उघडली की तोरणा, एवढा मोठा की मान मागे करावी लागते. आमच्या सपाट मुलखातल्या माणसाला डोंगर असा अंगावर आला की दडपण येतं. आकाश अर्धंच राहतं.

सकाळी बाईंना सुई दिली, नाश्ता झाला, आणि जीपने आम्ही तीनेक किलोमीटरवरच्या एका वाडीत गेलो. वाडीचं नाव लिहीत नाही. तिथल्या हौसाआजींनी बजावलंय, "नाव लिवू नगा, ह्या शनवार-आयतवारच्या गाड्या आमच्याकडं पन येत्याल." पानशेतकडे असं झालंय म्हणे.

देवळाच्या पायरीवर बाई टेकल्या आणि माझ्या लक्षात आलं, पिशवी खोलीत खुंटीवर राहिली. डबा तिच्यात. बाईंची पर्सही तिच्यात, कारण ती हरवू नये म्हणून मीच कोंबली होती. पर्समध्ये साखरेची पुडी. म्हणजे काळजी घेतली ती सगळी खुंटीला टांगून आले.

"इथून हलू नका," मी बाईंना सांगितलं आणि दुधाच्या टेम्पोत बसून वेल्ह्याला गेले. जाताना टेम्पो मिळाला. येताना काहीच मिळेना. अर्धी वाट चालले, मग एका मोटरसायकलवाल्याने सोडलं. देवळाशी पोचले तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती.

पायरी रिकामी.

देवळाच्या मांडवात एक म्हातारे गृहस्थ बैलाचं दावं वळत बसले होते.

"दादा, इथे बसल्या होत्या त्या बाई कुठे गेल्या?"

"कोन, पुन्याच्या? चष्मेवाल्या?"

"त्याच, त्याच."

"त्यास्नी हौसामावशी घिऊन गेली. तुमास्नी निरोप हाय. मावळतीला या म्हनल्यात."

डोक्यावर ऊन, आणि निरोप मावळतीचा. "तोपर्यंत त्या काय करतील हो?"

"काय करत्याल? बसत्याल. बोलत्याल. हौसामावशी कुनाला गप बसू देती व्हय?"

"अहो पण मला आत्ता जायचंय!"

"मंग जावा की आत्ता. कुनी धरलंय?"

"कुठे जाऊ?"

"मावळतीला!"

"ते कळलं मला. कधी ते कळलं. कुठे ते सांगा."

"आवो त्येच सांगतुया न्हवं! मावळतीला!"

"मावळतीला कुठे?"

त्यांनी दावं खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "ताई, तुमी कुटल्या?"

"वर्ध्याची."

"लांब हाय," ते म्हणाले, जणू त्यातच सगळं आलं. मग हनुवटीने तोरण्याकडे खूण केली. मला वाटलं, सूर्य कुठे मावळते ते दाखवून राहिले. मी हात जोडले आणि उलट्या बाजूला पळाले, कारण घरं त्या बाजूला दिसत होती.

घरांना कुलपं. माणसं रानात. मोबाईल वर धरला, रेंज नाही. बांधावर चढले, तरी नाही. "बाई! ओ बाई!" ओरडले तर एक कुत्रं आलं. मनात एकच चालू होतं, आता हात कापत असतील. आता शब्द अडखळत असतील. ज्या बाईंनी आयुष्यभर शब्द गोळा केले त्यांच्या तोंडात आता शब्द येत नसेल, आणि साखर माझ्या खांद्यावर आहे. बंगळूरची मुलगी डोळ्यांपुढे आली. तिचा शांत आवाज आला. रागावली असती तर बरं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

तेवढ्यात दोन बाया डोक्यावर पेंढ्याचे भारे घेऊन आल्या. भाऱ्याखालून नुसते चेहरे दिसत होते. मी त्यांना आडवी झाले. "हौसामावशी कुठे असतात? आमच्या बाई त्यांच्यासोबत आहेत, त्यांना साखर आहे, आणि त्या मावळतीला या म्हणून राहिल्या, तोपर्यंत कसं थांबू?"

थोरली थांबली. "काय म्हून ऱ्हायल्या?" धाकटी फिसकन हसली. आमच्या बोलण्याला पुण्याकडे सगळेच हसतात, मला सवय आहे.

"मावळतीला या म्हणाल्या."

"मंग जावा की! ही बगा, ही उगवतीची आळी. ती वढ्यापल्याड दिसती ती मावळतीची आळी. हौसामावशी मावळतीला ऱ्हाती."

"म्हणजे... संध्याकाळी नाही?"

"अगं बया!" थोरलीने भारा खाली टाकला. "सांजंला कशाला? आळीचं नाव हाय त्ये! आन तुमी एवढ्या टायमाला हितं बोंबलत फिरताय व्हय?"

"संध्याकाळी या म्हणायचं असतं तर काय म्हटलं असतं?"

"दिस बुडताना म्हनलं असतं! आता पळा!"

पळाले. ओढा ओलांडताना एक चप्पल चिखलाने धरून ठेवली, ती तशीच राहिली. पलीकडे चढ, चढावर पाच-सहा घरं, आणि पहिल्याच अंगणात भिंतीला टेकून, पाय पसरून, मांडीवर ताट घेऊन बाई बसल्या होत्या. हातात खेकड्याची नांगी.

"ये गं," बाई म्हणाल्या. "खेकडा खाणार?"

शब्द सरळ येत होते. एकही अडखळला नाही. मी तिथेच मातीत बसले आणि रडले. लाज वाटली नाही. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं, जणू कोणी डोक्यावरून भारा उतरवून घेतला.

चुलीपुढून सत्तरीच्या एक बाई उठून आल्या. हिरवं लुगडं, हाताला तांदळाचं पीठ. ह्याच हौसाआजी. त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि बाईंना म्हणाल्या, "ही तुमची लेक व्हय? एका पायात चप्पल, एका पायात चिखूल."

"लेकच समजा," बाई म्हणाल्या.

"मंग रडती कशापाई? म्या काय उपाशी ठिवली का तिच्या आयला?" मग माझ्याकडे वळून, "बोलता बोलता हात थरथराया लागला त्यांचा. म्या वळकलं. माज्या धन्याला बी साखर हुती, बारा वर्सं म्याच बगितलं. आदी गुळाचा खडा तोंडात घातला. मग भाकरी. तवर निरोप धाडला हुता तुला. कुटं हिंडत हुतीस?"

मी घडलं ते सांगितलं. कधी ते कळलं, कुठे ते सांगा, हे सांगताना हौसाआजी इतक्या हसल्या की पदर तोंडाशी धरावा लागला. "देवळातला ल्हानू लई सरळ मानूस, त्यानं काय चुकीचं सांगितलं?"

बाई मात्र हसता हसता एकदम थांबल्या. ताट बाजूला ठेवलं, रस्सा लागलेल्या हातानेच वही ओढली. "परत सांग. तू कधी विचारलंस का कुठे?"

"कुठे. कधी ते कळलं होतं."

"आणि त्याने कुठे सांगितलं. एकच शब्द." त्यांचा चेहरा असा उजळला की त्यांना साखर आहे हे मी विसरले. "अगं, जर्मन लोक पूर्वेकडच्या देशांना सकाळचा मुलूख म्हणायचे आणि पश्चिमेकडच्यांना संध्याकाळचा मुलूख. रशियन पश्चिमेला पडती म्हणतात, सूर्य पडतो ती. इंग्रजांचं ईस्ट आपल्या उषेच्या नात्यातलं. सगळीकडे वेळच जागा झालीय. हे मी तीस वर्षं वाचतेय. पण त्यात कोणी वाट चुकलेलं मला आज पहिल्यांदा भेटलं."

"माझी चूक पुस्तकात घालणार?"

"घालणारच. आणि ती चूक नाही. तुला वेळ ऐकू आली, त्याला जागा. शब्दात दोन्ही आहेत. तुझ्या त्या गुरुजींच्या नकाशासारखंच." मी दचकले. त्यांच्या लक्षात होतं. "उत्तर म्हणजे वरचं, तसंच नंतरचं. प्रश्नानंतर येतं ते उत्तर. नकाशातलं उत्तर आणि वहीतलं उत्तर हा एकच शब्द आहे, सुनंदा. तू वही उघडलीस, तेव्हा वर्गात फक्त तुला तो अख्खा ऐकू आला होता."

मी तांदळाची भाकरी मोडली. ती आमच्या भाकरीसारखी चुरत नाही, ओढली की लांबते. खेकड्याचं कालवण तिखट होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कोणी कारण विचारत नव्हतं, हे फार बरं झालं.

हौसाआजी विचारत होत्या त्या बाईंना. "म्हंजी तिकडं इलायतेत बी मावळतीची आळी हाय म्हना की!"

"आहे हो. फार मोठी आहे."

"वढा हाय का मधी?"

"समुद्र आहे."

"मंग चप्पल जात आसंल," आजी म्हणाल्या, आणि जुन्या चपलांचा एक जोड माझ्यापुढे आणून ठेवला.

पाबे घाट

चौथ्या दिवशी पाबे घाटाने परत निघालो. जीपमध्ये मागच्या आडव्या बाकावर मी आणि बाई समोरासमोर. घाटमाथ्यावर रेंज आली आणि मोबाईल वाजायला लागला. बंगळूर.

खोटं बोलता आलं असतं. बाई डोळे मिटून बसल्या होत्या, झोपल्या होत्या की नाही, कळेना.

"काल दिवसभर फोन लागत नव्हता. आई वेळेवर जेवली ना?"

"जेवल्या," मी म्हटलं. मग म्हटलं, "पण मी नव्हते तिथे, ताई. पिशवी मी विसरले होते. हात थरथरायला लागले होते त्यांचे. वाडीतल्या एक आजी होत्या, त्यांनी गूळ दिला, जेवू घातलं. मी नंतर पोचले."

जीप एका वळणावर वळली, मग दुसऱ्या. मी मोबाईल दोन्ही हातांनी धरला होता.

"त्या आजींचा फोन नंबर घेतलाय का?"

"त्यांच्याकडे फोन नाही. पण पत्ता आहे."

"काय पत्ता?"

मी सांगितला. वाडीचं नाव सांगितलं, मग म्हटलं, "मावळतीला." बाईंच्या मिटल्या डोळ्यांखाली ओठ हलले, म्हणजे झोपल्या नव्हत्या.

मग ती म्हणाली, "सुनंदाताई, पुढच्या वेळी साखरेची पुडी आईच्या खिशात ठेवा. आणि एक तुमच्या."

पुढच्या वेळी. मी "हो" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर ते दोन शब्द परत मनात म्हणून पाहिले. जीप उत्तरेला चालली असणार, तोरणा मागे राहिला होता. मी आडवी बसले होते, माझ्यासमोर बाई होत्या, आणि त्यांच्या मागच्या खिडकीतून सकाळचं ऊन सरळ माझ्या तोंडावर येत होतं.